संत हा शब्द माझा होता

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुलं भुतं होऊन दारोदार फिरू लागली, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुठल्याशा इंग्रजी शाळेने ही हॅलोविनची टूम काढली आणि ती हळूहळू आमच्या इमारतींत शिरली. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापून केलेले झगे, गालांवर लिपस्टिकचं रक्त आणि हातात नवरात्रातल्या दांडिया, त्याच जादूच्या काठ्या. बेल वाजवायची, दार उघडलं की किंचाळायचं, चॉकलेट घ्यायचं आणि पुढच्या दाराशी पळायचं. गोंगाट होई, पण कोणाचं काही बिघडत नसे. मीही गोळ्यांची पुडी आणून ठेवत असे.

एका वर्षी तळमजल्यावरचे एक गृहस्थ वारले. त्यांचं तेरावं नुकतंच झालं होतं. मुलांना ते कळण्याचं कारण नव्हतं, आणि मोठ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलांनी त्या घराची बेल वाजवली. सगळ्यांत पुढे पांढरी चादर पांघरलेलं भूत होतं. दार त्यांच्या पत्नीनेच उघडलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आल्या आणि प्रत्येक मुलाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

माझी नात त्या घोळक्यात होती. तेव्हा ती दुसरीत होती. ती साखर मुठीत धरून घरी आली आणि मूठ उघडेना. सुनेने तिला मोरीत नेलं, हात धुऊ लागली, तेव्हा तिने विचारलं, "मम्मी, ते अंकल पण आता भूत झाले का?"

"नाही गं. ते देवाजवळ आहेत."

"मग आम्ही कोण झालो होतो?"

सुनेने नळ बंद केला. रात्रीच्या जेवणाला ती मला म्हणाली, "पप्पा, आपल्याला माहीत असलेली गोष्ट आपण मुलांना सांगत नाही, म्हणून ती दुसऱ्याची गोष्ट शिकतात." मी भाकरी मोडत होतो. मी हो म्हटलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझे वडील नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. मी इथेच जन्मलो, इथल्याच एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात मी, सून आणि नात एवढेच. नात चालायला लागण्याच्या सुमारास माझी पत्नी वारली. सून बडोद्याचीच, शाळा गुजराती माध्यमातली, त्यामुळे मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना ती मध्येच अडायची आणि मला विचारायची, "पप्पा, 'सार्वकालिक' म्हणजे कायमचं ना? मग कायमचं का नाही लिहीत?" असले प्रश्न तिला रोज पडत. मला उत्तरं देताना बरं वाटे. या घरात माझा एवढा एकच उपयोग उरला होता असं म्हटलं तरी चालेल.

आता आमच्या आडनावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. आमचं आडनाव नगरकडचं, साधं आहे. त्यावरून कोणाला काही कळत नाही. बडोद्यात मराठी माणूस म्हटला की तो जुन्या सरकारी कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घराण्यातला, गणपती बसवणारा, असं लोक धरून चालतात. कारखान्यात मला मराठीभाई म्हणत. मी कधी खोटं बोललो नाही. पण कोणी विचारल्याशिवाय सांगितलंही नाही. गणपतीचा प्रसाद कोणी आणून दिला तर घेत असे, आमच्या नाताळाला मात्र "मुलीकडे जायचंय" म्हणून रजा टाकत असे. मला मुलगी नाही. म्हणजे खोटंही बोललो, आता लिहिताना ध्यानात येतंय.

सुनेचं तसं नव्हतं. तिच्या गळ्यात बारीकसा क्रूस असे आणि तो ओढणीच्या बाहेर असे. खालच्या भाजीवाल्यापासून सोसायटीच्या प्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याबद्दल मात्र लोकांनी असं ठरवलं होतं की सुनेने लग्नानंतर हा धर्म धरला असेल, काका मात्र आपल्यातलेच आहेत. मला ते कळत होतं. मी ते तसंच राहू दिलं.

तर पुढच्या वर्षी सुनेने बेत केला. हॅलोविनच्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना जमवायचं. भजनं म्हणायची, प्रार्थना करायची, आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या गेलेल्या एखाद्या माणसाची एक आठवण सांगायची. रडकी नको, खरी हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमच्यात सर्व पवित्र जनांचा दिवस असतो. पवित्र जन म्हणजे कोणी डोक्यामागे वलयवाले नव्हेत. आमच्या शास्त्रात साध्या विश्वासणाऱ्यांना हाच शब्द आहे. आमची माणसं मेली म्हणजे संपली असं आम्ही मानत नाही, आणि ती रात्री फिरून कोणाला भिववतात असंही मानत नाही. सुनेला मुलांना एवढंच सांगायचं होतं.

तिने प्रमुखांना विचारलं. ते गुजराती, कापडाचे व्यापारी, शांत माणूस. "बेन, जे करो ते बधाने कहीने करजो," म्हणाले. जे करायचं ते सगळ्यांना सांगून करा. हॉल दिला.

त्या वर्षी शरद पौर्णिमा ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. त्या संध्याकाळी सोसायटीत आरती होते, दूध-पौंवा, म्हणजे दुधातले पोहे, वाटतात, मग गरबा. आरतीनंतर माइकवर सूचना सांगायचं काम माझ्याकडे असे. पाणी उद्या उशिरा येईल, लिफ्ट बंद राहील, असलं काही. माझा आवाज चांगला आहे आणि गुजराती स्वच्छ आहे. सून म्हणाली, "पप्पा, आपली पण सूचना तुम्हीच सांगा. पण असं सांगा." आणि तिने मला वाक्य सांगितलं. एकतीस तारखेला संध्याकाळी प्रभू येशूच्या नावाने मुलांसाठी प्रार्थनासभा आहे. भुताचा वेष नको, घरातल्या गेलेल्या माणसाची एक चांगली आठवण घेऊन या. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

"आणि पवित्र जन म्हणू का?" मी विचारलं.

"म्हणा. कोणी विचारलं तर मी समजावीन."

मी माइक हातात घेतला. समोर सगळे उभे होते, कपाळावर कुंकू, हातात पौंव्याच्या वाट्या. आरतीचा कापूर अजून जळत होता. पहिल्या रांगेत आमच्या शेजारचे सर उभे होते. ते मूळचे बडोद्याच्या जुन्या नागरवाड्यातले, मराठीच, निवृत्त मुख्याध्यापक, दर गुरुवारी घरी भजन ठेवणारे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी. आणि प्रभू येशू हा शब्द माझ्या तोंडून बाहेर येईना. मी म्हणालो, "एकत्रीसमी तारीखे सांजे हॉलमां संतोनी सांज राखी छे. भजन थशे. छोकरांओने लईने बधा आवजो."

संतांची संध्याकाळ आहे. भजन होईल. मुलांना घेऊन सगळे या.

यात एकही शब्द खोटा नव्हता. पवित्र जनांना कॅथलिक लोक संतच म्हणतात. भजन आम्हीही म्हणतो, पेटी-तबल्यावर, आमच्या बापजाद्यांपासून म्हणत आलो. पण मी ते शब्द का निवडले हे मला बोलतानाच ठाऊक होतं. सून मागे पौंवा वाटत होती. गलबल्यात तिला नीट ऐकू आलं नाही. तिने लांबून विचारल्यासारखी मान केली, मी हात वर करून "झालं" अशी खूण केली.

सभेच्या दिवशी हॉल भरला. सुनेने एवढ्या लोकांची अपेक्षा केली नव्हती. सर आपल्या गुरुवारच्या भजनी मंडळींना घेऊन आले, टाळ आणि पखवाजासकट. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, सर पण आले! आणि पखवाज आणलाय!" तिला वाटलं की ते सगळं समजून आले आहेत. तिच्या तोंडावरचा तो आनंद मी बघितला आणि गप्प राहिलो.

पहिलं भजन आमचंच होतं, पण जुन्या अभंगाच्या चालीवर. त्यात देव होता, करुणा होती, तारणारा होता, नाव नव्हतं. सरांची मंडळी रंगात आली. पखवाजवाल्याने असा ठेका धरला की आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, पेटीवाल्याची धांदल उडाली. सर म्हणाले, "वा! ही चाल आमच्याकडे आहे. शब्द निराळे दिसतात."

मग मुलं बोलली. त्या सभेचा सगळा अर्थ त्यात होता आणि ते मला आजही आठवतं. एक गुजराती मुलगा म्हणाला, "मारा दादा उत्तरायणमां कोईनी पतंग कापे ने, पछी एना धाबा पर जईने सॉरी कही आवे." म्हणजे त्याचे आजोबा संक्रांतीला कोणाचा पतंग कापायचे आणि मग त्याच्या गच्चीवर जाऊन माफी मागायचे. सगळे हसले. माझी नात म्हणाली, "आजी चिडली की भाजीत मीठ जास्त पडायचं, आणि आजोबा काही न बोलता खायचे." ते तिला कोणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक तिच्या आईने. मग तळमजल्यावरच्या त्या बाईंच्या मुलीने उठून सांगितलं की पप्पा स्कूटरवर गाणं म्हणायचे आणि सिग्नल लागला की थांबवायचे, कारण बाजूच्यांना ऐकू जातं. तिची आई मागच्या खुर्चीवर बसली होती. ती हसली. त्या घरातलं कोणी हसताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

मग सुनेने प्रार्थना केली. तिने पहिलंच वाक्य "प्रभू येशू, मरणावर तू जय मिळवलास" असं म्हटलं. माझ्या शेजारी सरांच्या हातातले टाळ हळूच किणकिणत होते, ते थांबले.

सर माझ्याकडे वळले. "हे तुमचं का?"

"हो."

"आणि संत कोणते?"

"सगळेच," मी म्हणालो.

त्यांनी टाळ मांडीवर ठेवले. उठून गेले नाहीत. प्रार्थना संपेपर्यंत हात जोडून बसले, मंडळींना घेऊन नीट निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना जिन्यात भेटले. मी म्हटलं, सर, गैरसमज नको. ते म्हणाले, "गैरसमज कसला? तुम्ही सांगितलंत त्यावरून मी आलो. खरं सांगितलं असतंत तर मी आलो असतो की नाही, ते आता मला कधी कळणार नाही. ते तुम्ही माझ्याकडून घेतलंत." आणि दुधाच्या पिशव्या सांभाळत वर गेले.

कोणीतरी फोनवर त्या प्रार्थनेचं चित्रण केलं होतं. ते सोसायटीच्या ग्रुपवर आलं, तिथून शहरातल्या सुभानपुऱ्यात कोणाच्या तरी नातेवाइकांकडे गेलं, आणि परत आलं तेव्हा त्याखाली लिहिलं होतं की संतांच्या नावाखाली मुलांना बोलावून भलतंच चाललंय. प्रमुख घाबरले. त्यांनी कमिटीची बैठक बोलावली. ते चिडले नव्हते, हे मी न्यायाने सांगतो. त्यांना भानगड नको होती.

बैठकीत सून होती, मी होतो, सर होते, आणखी चारपाच जण. प्रमुखांनी विचारलं, "बेन, आ संतनुं कोणे कह्युं हतुं?" संताचं कोणी सांगितलं होतं?

सुनेला खरोखरच माहीत नव्हतं. "संत? मी तर येशूचं नाव सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघू लागली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मला जसं सांगितलं तसं मी बोललो."

एवढंच वाक्य. मराठीत बोललो की गुजरातीत, तेही आता आठवत नाही. सुनेचं तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं असेल. आमच्या घरानेही तेच शिकवलं होतं. ती म्हणाली, "माझी चूक झाली. मी माफी मागते."

कोणीतरी म्हणालं, भणेली बाई असून असं करते. शिकलेली बाई, आणि असं. मी टेबलाकडे बघत होतो.

हॉल पुन्हा मिळणार नाही असं ठरलं. ते तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज हे लिहिलं नसतं. पण गोष्ट आमच्या मंडळीत पोचली. सून रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना शिकवायची. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक झाली. मीही पंचांपैकी एक. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "दिवस नाजूक आहेत. एकाच्या घाईने सगळ्या मंडळीला त्रास होतो. सध्या शाळा दुसऱ्या कोणी घ्यावी, आणि तुम्ही सुनेला प्रेमाने समजावा." मी समजावतो म्हणालो. घरी येऊन मी तिला सांगितलं की पंचांचं असं म्हणणं पडलं. ती पोळ्या लाटत होती. "पंचांचं?" तिने एवढंच विचारलं.

त्यानंतर घरात काही बदललं असं बाहेरच्याला दिसलं नसतं. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, हाक पप्पाच. फक्त तिने मला शब्दांचे अर्थ विचारणं बंद केलं. अडली की फोनमध्ये बघायची.

आणि हॅलोविन परत आला. पुढच्या वर्षी लिफ्टशी प्लास्टिकचा सांगाडा टांगला होता, त्याच्या डोळ्यांत दिवे लागत. डीजे होता. बेल वाजली की सून दार उघडायची, मुलांना चॉकलेट द्यायची, "सांभाळून जा रे, जिन्यात दिवा नाही" म्हणायची. तळमजल्यावरची ती मुलगी कधी भूत झाली नाही. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन नातीबरोबर पत्ते खेळत बसायची. ते बघून सुनेला काय वाटत असेल हे मी विचारू शकत नव्हतो.

वर्षं गेली. यंदा नात तेरा वर्षांची झाली. तिने शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करू का म्हणून पाळकसाहेबांना विचारलं. ते आनंदाने हो म्हणाले, आणि बोलता बोलता म्हणाले, "फक्त आईसारखी घाई नको करूस हं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी आल्यावर नात स्वयंपाकघरात गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"मम्मी, तू लोकांना फसवून बोलावलं होतंस का?"

"नाही."

"मग पाळकसाहेब असं का म्हणाले?"

"त्यांना तसं सांगितलं गेलं."

"कोणी?"

"बाजूला हो, भाजी खाली लागेल."

इतक्या वर्षांनी, आपल्याच मुलीसमोर, तिने मला झाकलं. मला पेपरातलं काही दिसेना.

मी आधी सरांकडे गेलो. तेही आता थकले आहेत, ऐकायला कमी येतं. मी त्यांना सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने, त्यामुळे सरांच्या घरातल्यांनीही ऐकलं. सर म्हणाले, "अहो, ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमची सून गुळमुळीत बोलत नाही. ते तुमचं काम."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडून यायला हवं होतं ते. मी कोण?" मग म्हणाले, "तेही बरोबर नव्हतं म्हणा. बोलायला हवं होतं मी."

पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. आमच्याकडे साक्ष म्हणजे बहुधा आजारातून बरं वाटलं, मुलाला नोकरी लागली, देवाचे उपकार, असं असतं. मी सांगितलं की सुनेने येशूचं नाव घ्यायला सांगितलं होतं, मी घेतलं नाही, संत म्हणालो, आणि बैठकीत ते तिच्यावर ढकललं. पंचांच्या बैठकीतही गप्प बसलो. पेटीवाल्याला वाटलं मी संपवलं, त्याने पुढच्या गीताचा सूर धरला, मग कोणीतरी त्याला थांबवलं. पाळकसाहेब उतरून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग सुनेकडे वळून म्हणाले, "ताई, आमची चूक झाली." लोकांचे डोळे भरले. मलाही वाटलं, ओझं उतरलं.

घरी जाताना रिक्षात सून बाहेर बघत होती. नात मध्ये बसली होती. सोसायटीच्या फाटकाशी उतरलो तेव्हा सुनेने नातीला पुढे पाठवलं आणि मला म्हणाली, "पप्पा, मला विचारलंत?"

"काय?"

"आज उभं राहायच्या आधी मला विचारलंत का? तेव्हाही माझ्याबद्दल तुम्ही बोललात, आजही तुम्हीच बोललात. दोन्ही वेळा मी आपली बसलेय आणि सगळे माझ्याकडे बघतायत."

मी म्हटलं, "मी खरं सांगितलं, बेटा."

"हो. खरं सांगितलंत. पण तुम्हाला हलकं वाटलं, आणि मला सगळ्यांच्या मिठ्या घ्याव्या लागल्या." ती हसली नाही. "ते पंच, त्यांनी मला कधी विचारलं पण नव्हतं. आज त्यांना मी काय म्हणू? चालेल म्हणू?"

रिक्षावाला सुटे पैसे घेऊन उभा होता, त्याला मी जा म्हटलं.

दोन दिवसांनी तिने स्वतःच विषय काढला. शब्बाथ शाळा परत घेणार का म्हणून पाळकसाहेबांचा फोन आला होता. ती म्हणाली, "शाळा नंतर बघू. ती संध्याकाळ मला परत करायचीय. हॉलमध्ये नाही, चर्चच्या आवारात. आपल्या सोसायटीतल्यांना मी स्वतः घरोघर जाऊन सांगणार, काय आहे ते. आणि कमिटीत तुम्ही सांगा, पण मी सांगेन तेवढंच."

कमिटीत मी तिने सांगितलं तेवढंच बोललो. संत हा शब्द माझा होता, माझ्या सुनेचा नव्हता. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "काका, आटला वरस?" म्हणाले. इतकी वर्षं? मग सुनेला हात जोडून म्हणाले, "बेन, माफ करजो." हॉलबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि आम्हीही मागितला नाही.

"आणि मी काय करू त्या दिवशी?" मी सुनेला विचारलं.

"तुम्ही फाटकाशी उभे राहा. चपला काढायच्या आधी प्रत्येकाला सांगायचं की ही येशूच्या नावाने प्रार्थना आहे. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. मी घरी सांगितलं असलं तरी परत सांगायचं."

तसा मी यंदा चर्चच्या फाटकाशी उभा राहिलो. पहिल्यांदा मी खाली चपलांकडे बघूनच सांगितलं. मग सवय झाली. मंडळीतले लोक हसत, "आम्हाला कशाला सांगता?" म्हणत, त्यांनाही मी सांगत होतो. आमच्या सोसायटीतून तळमजल्यावरच्या बाई आणि त्यांची मुलगी आल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत गेल्या. एक गुजराती कुटुंब मुलांना घेऊन आलं होतं. माझं ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. "अच्छा काका, फरी क्यारेक," पुन्हा कधीतरी, म्हणून ते परत गेले. त्यांची लहान मुलगी मागे वळून आतल्या पताका बघत होती. मला वाईट वाटलं. आणखी दोन घरं तशीच गेली.

सर रिक्षातून आले. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने सगळं वाक्य म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता कळलं. तेव्हा नसतो आलो." मग काठी टेकवत म्हणाले, "आज मात्र रिक्षाला पैसे दिलेत. जरा वेळ बाहेरच्या बाकावर बसतो. तिथून ऐकू येईल ना?"

"तुम्हाला? तिथून?"

"नाही येणार. पण बसतो."

आत मुलांच्या आठवणी सुरू झाल्या होत्या. कोणीतरी आजोबांच्या घोरण्याची नक्कल करत होतं आणि बाकीची मुलं खिदळत होती. कोणाच्या तरी काकूने मरायच्या आदल्या दिवशी लोणच्याला फोडणी दिली होती, ते लोणचं अजून संपलेलं नाही. बाहेर रस्त्यावर भुतांचे मुखवटे घातलेली चार पोरं सायकलवरून गेली. मी त्यांना हात केला, त्यांनीही केला.

अंधार पडल्यावर सून फाटकाशी आली. हातात मेणबत्त्यांचा खोका होता.

"किती जण परत गेले?"

"तीन घरं."

"त्यांना नीट सांगितलंत ना? कळलं त्यांना?"

"नीट सांगितलं. कळलं म्हणूनच गेले."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि मेणबत्त्या घेऊन आत गेली.